दीड लाखाची उचल आणि ऊसतोड जोडीचं शरीर

प्रश्न थोडक्यात असा: सांगली जिल्ह्यातल्या एका शेतकरी घरातल्या तरुणाच्या उसाच्या फडात सध्या ऊसतोड मजुरांची टोळी उतरली आहे. एका जोडीने दीड लाखाची उचल घेतल्याचं त्याला कळलं. वर उसाला हात लावायच्या आधी टोळीने खुशाली, म्हणजे शेतकऱ्याकडून वरचे पैसेही मागितले. त्याचा इंजिनिअर भाऊ पुण्यात महिना अठरा हजारांवर राबतो. त्यामुळे त्याला वाटतं, "पाच महिन्यांत दीड लाख मिळवणाऱ्यांची एवढी कणव कशाला? आणि कष्टाचं म्हणाल तर त्यांच्या अंगाला ते सवयीचंच असतं. बायकासुद्धा हसत मोळ्या उचलतात." शेवटी त्याने विचारलंय की माझं कुठे चुकतंय का.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अंगमेहनतीची कामं करणाऱ्यांच्या पाठी, माना आणि गुडघे हाच माझ्या कामाचा विषय. त्यामुळे उत्तर शरीराच्या बाजूने देते, पण आधी पैशांचा हिशोब करू. तो डोक्यात चुकीचा बसला असेल, तर शरीराबद्दल कितीही सांगितलं तरी पटत नाही.

उचल ही कमाई नव्हे, ते कर्ज आहे. हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या कंत्राटदाराकडून घेतलेली रक्कम तोडलेल्या टनांतून फिटत जाते. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि मजूर संघटनांत करार होऊन तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तेव्हा टनाचा दर २७३ वरून ३६६ रुपयांच्या घरात गेला. डोकी सेंटर (मोळ्या डोक्यावरून नेऊन गाडीत भरणारी टोळी), गाडी सेंटर (बैलगाडीवाली टोळी), वाहतुकीचं अंतर, यांनुसार त्यात फरक पडतो. ऊस उभा आहे की पडलेला, जोडी तरुण आहे की चाळिशीच्या पुढची, कारखान्याकडून गाड्या वेळेवर येतात की नाही, हेही सगळं बघावं लागतं. म्हणून मी मधला आकडा धरते. एक कोयता, म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी, दिवसाला दोन टन ऊस तोडते आणि भरते असं समजा. झाले ७३२ रुपये, दोघांचे मिळून. पहाटे चारला उठून फडात जायचं आणि गाडी भरून संध्याकाळी सात-आठला कोपीवर, म्हणजे झोपडीवर परतायचं, यात माणशी निदान चौदा तास जातात. दोघांचे अठ्ठावीस तास धरले, तर तासाला २६ रुपये पडतात. रोजगार हमीचा २०२५-२६ चा दर माणशी दिवसाला ३१२ रुपये होता, तोही यापेक्षा कितीतरी कमी तासांच्या कामाचा.

आता हंगाम. १२० दिवस एकही खाडा न होता काम चाललं, तर २४० टनांचे ८७,८४० रुपये होतात. दीड लाखातून ते वजा केले की ६२ हजारांवर बाकी राहते. जोडी दणकट आहे, रोज तीन टन तोडते असं धरलं, तरी १२० दिवसांत १,३१,७६० च होतात. शिवाय २०२४-२५ मध्ये अनेक कारखान्यांचे पट्टे फेब्रुवारी-मार्चमध्येच पडले, म्हणजे गाळप थांबलं. हंगाम लवकर संपला की टन कमी, आणि टन कमी म्हणजे बाकी जास्त. ती पुढच्या वर्षीच्या उचलीत वळती होते आणि जोडी त्याच मुकादमाकडे पुन्हा बांधली जाते. वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे विकून रोजचे थोडे पैसे सुटतात हे खरं आहे, पण त्यावर तेल-मीठ आणि पोरांचा खाऊ चालतो. तुमच्या भावाचे अठरा हजार कमीच आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण ते एका माणसाचे आहेत, आणि महिना संपल्यावर तो कंपनीचं काही देणं लागत नाही.

आता शरीराकडे येते. तुमच्या प्रश्नातला 'सवयीचंच असतं' हा शब्द मला सर्वांत जास्त खटकला, कारण शिकलेली माणसंही तो सहज वापरतात.

एक ऊस सरासरी सव्वा किलोचा धरला, तर दोन टनांत सोळाशे ऊस होतात. प्रत्येकाला बुडात एक घाव, शेंड्याला एक, पाचट सोलायला दोन. म्हणजे दिवसाला सहा हजारांवर घाव. त्यातला बुडातला घाव जमिनीलगतच घालावा लागतो. साखर बुडख्यात जास्त असते आणि वर थोट ठेवून तोडलं तर खोडवाही (त्याच बुडख्यातून येणारं पुढचं पीक) चांगला फुटत नाही, म्हणून शेतकरी आणि कारखाना दोघंही त्याबद्दल आग्रही असतात. आग्रह योग्यच आहे, पण तो पूर्ण होतो माणसाच्या कमरेतून. आखूड मुठीचा कोयता जमिनीपर्यंत न्यायला कंबर जवळजवळ काटकोनात वाकते आणि तोडणारा ओळीच्या ओळी तसाच पुढे सरकतो. प्रत्येक उसाला सरळ उभं राहायचं ठरवलं तर दोन टन कधीच होणार नाहीत.

नॅकेमसन या स्वीडिश अस्थिरोगतज्ज्ञांनी जिवंत माणसांच्या कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. उभं असतानाचा दाब १०० धरला, तर पुढे वाकल्यावर तो १५० होतो आणि हातात वीस किलो घेऊन वाकल्यावर २२०. ही मोजणी काही क्षणांच्या वाकण्याची आहे. फडात हे तासन्‌तास चालतं, आणि त्यात दोन गोष्टींची भर पडते. त्या बाहेरून दिसत नाहीत.

पहिली पहाटेची. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यानंतरचा पहिला अर्धा-एक तास त्या ताठ असतात आणि वाकल्यावर नेहमीपेक्षा जास्त ताणल्या जातात. कंबरदुखीच्या रुग्णांना आम्ही मुद्दाम सांगतो की उठल्याउठल्या वाकू नका. ऊसतोड जोडी नेमकी त्याच तासात, थंडीत, बुडातले घाव घालायला सुरुवात करते.

दुसरी गोष्ट वाकून झाल्यावरची. वीस-पंचवीस मिनिटं सलग वाकलं की पाठीमागचे अस्थिबंध ताणून सैल पडतात आणि सरळ झाल्यावर त्यांना पूर्ववत व्हायला बराच वेळ लागतो. त्या सैल अवस्थेत जड वजन उचललं तर सगळा भार चकतीवर जातो. फडात कामाचा क्रमच असा असतो की वाकून तोडायचं आणि लगेच मोळी उचलायची. 'चमक भरली' म्हणून येणाऱ्यांना नेमकं केव्हा दुखलं असं विचारलं, की तोडणी संपवून पहिली मोळी उचलताना, हेच उत्तर बहुतेक वेळा मिळतं.

सवय कशाला होते? स्नायूंना. नवीन जोडीचं अंग पहिले आठ-दहा दिवस आंबतं, मग सुटतं. तीन-चार आठवड्यांत स्नायू आणि दम दोन्ही तयार होतात. तळहाताला घट्टे पडतात. हे सगळं बाहेरून दिसतं, म्हणून माणूस सरावलाय असं वाटतं. चकतीचं तसं नाही. मोठ्या माणसाच्या चकतीला थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, त्यामुळे तिची झीज भरून येण्याचा वेग फारच कमी. गुडघ्याची कूर्चाही तशीच. तयार स्नायूंच्या जोरावर माणूस जास्त वजन उचलतो आणि तो जास्तीचा भार सोसावा लागतो चकतीला. वीस वर्षांचा पोरगा फडात खरंच जोमात दिसतो. पस्तिशी-चाळिशीत त्याच्या पायात मुंग्या येऊ लागतात, तेव्हा तो तुमच्या रानात नसतो, कारण उचल ठरवताना मुकादमही वय बघतो. तुम्हाला दरवर्षी दिसतात ती टिकलेली माणसं. गळालेली गावी असतात.

बायकांबद्दल सविस्तर सांगायला हवं. बहुतेक जोड्यांत नवरा तोडतो आणि बायको ऊस गोळा करून मोळी बांधते. डोकी सेंटरला दोघंही ती डोक्यावरून गाडीपर्यंत नेतात आणि फळीवरून चढून गाडीत टाकतात. मोळी पंचवीस ते चाळीस किलोपर्यंत भरते. तीस किलोची धरली, तर दोन टनांच्या सदुसष्ट मोळ्या होतात आणि निम्म्या तिच्या वाट्याला येतात. म्हणजे एका दिवसात तिच्या मानेवरून एक टन ऊस जातो. त्यातला चढ अरुंद फळीवरचा, कित्येकदा गाडी उशिरा आल्यामुळे अंधारातला. अमेरिकेतल्या नायॉश या व्यवसाय-आरोग्य संस्थेने उचलण्याच्या वजनाची मर्यादा काढायला एक सूत्र दिलं आहे. वजन अंगाजवळ, कमरेच्या उंचीवर, पीळ न देता, सपाट जागेवर उचललं, तरी त्यात २३ किलोच्या पुढे जाता येत नाही. फडात यातली एकही सोय नसते, त्यामुळे तिथली सुरक्षित मर्यादा त्याहून बरीच खाली येते.

फडावर संडास नसतो. त्यामुळे बायका पाणीच कमी पितात आणि लघवी तासन्‌तास दाबून ठेवतात. त्यातून लघवीचा संसर्ग होतो. पाळीत कापड बदलायला आडोसा नसतो, धुवायला पाणी नसतं, मग अंगावरून पांढरं जाणं सुरू होतं. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांत पुन्हा मोळी डोक्यावर आली, तर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सावरलेले नसतात आणि अंग बाहेर येतं. यातल्या बहुतेक तक्रारी औषधांनी, व्यायामाने, विश्रांतीने बऱ्या होण्यासारख्या असतात. पण दिवस बुडाला की खाडा बसतो आणि बऱ्याच ठिकाणी तो पाचशे रुपयांपर्यंत कापला जातो. म्हणजे एक दिवस घरी राहिलं, तर मजुरी बुडते आणि वर दंड. अशा वेळी कोणी 'पिशवी काढून टाक, कॅन्सर होईल' असं म्हटलं, की बाई तयार होते. २०१९ मध्ये राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. साधारण सहा जणींत एक. सोबत अंडाशयंही काढली असली तर ऐन तारुण्यात हाडं ठिसूळ व्हायला लागतात, आणि दुखणं थांबावं म्हणून करून घेतलेल्या शस्त्रक्रियेनंतर कंबर अधिकच दुखू शकते. त्याच कमरेने ती पुन्हा कोयत्यावर जाते, कारण शस्त्रक्रियेचा खर्चही उचलीतच चढलेला असतो.

त्या हसत मोळ्या उचलतात, हे तुमचं निरीक्षण खोटं नाही. हसणं हे वेदना नसल्याचं लक्षण मात्र नाही. आमच्याकडे तपासायला आलेली बाईसुद्धा हसतच सांगते की रात्री कूस बदलता येत नाही.

खुशालीबद्दलचा तुमचा राग मला रास्त वाटतो. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च आधीच तुमच्या ऊसदरातून कापला जातो, त्यावर पुन्हा पैसे का द्यायचे? पण मागणी कुठून येते तेही बघा. उभा ऊस आणि लोळलेला ऊस, दोन्हींना टनाचा दर तोच. लोळलेल्या, गुंतलेल्या उसात वेळ दीडपट-दुप्पट जातो आणि तो कोणी मोजत नाही. पाचट जास्त असेल तरी तसंच. दरात न बसलेली ही मेहनत बांधावर तुमच्याकडून मागितली जाते, कारण ऊस वाळायच्या भीतीने तुम्ही नाही म्हणू शकत नाही. अडवून पैसे काढणं चूकच आहे. पण बांधावर नाडलेला शेतकरी आणि नाडलेला मजूर समोरासमोर येतात, त्याचं मूळ दराच्या तक्त्यात आहे.

माझं कुठे चुकतंय, असं तुम्ही विचारलंत. तुम्ही एक रक्कम बघितली. कोणाचीही कमाई जोखताना ती किती माणसांची, किती तासांची, त्यातलं कर्ज किती आणि ते काम त्या शरीराला किती वर्षं करता येणार, हे विचारावं. भावाचे अठरा हजार तो साठीपर्यंत कमवू शकतो, वाढवूही शकतो. कोयत्याची कमाई चाळिशीत उतरणीला लागते आणि तोवर औषधाचा खर्च चढू लागतो.

टोळी अजून तुमच्या रानात असेल, तर काही गोष्टी तुमच्या हातातल्या आहेत. खर्च फारसा नाही.

पाण्याची टाकी किंवा दोनशे लिटरचा पिंप तोडणी चालू असलेल्या ओळींजवळ ठेवा. विहिरीवर जाऊन प्या म्हटलं, तर कोणी जात नाही, वेळ मोडतो. उन्हं तापली की दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी पोटात जायला हवं. एल साल्वाडोर आणि निकाराग्वा या देशांत मधुमेह-रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड्यांची मूत्रपिंडं निकामी झाल्याचं मोठ्या प्रमाणावर दिसलं. तापलेल्या फडात पाण्यावाचून रोज राबणं हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. आपल्याकडे हंगाम थंडीत सुरू होतो, तरी फेब्रुवारीनंतरचं ऊन कमी नाही. शेतातल्या घराचा संडास बायकांना वापरू द्या. घर लांब असेल तर चार बांबू आणि ताडपत्रीचा आडोसा, आत पाण्याची बादली. यातून त्या पाणी प्यायला लागतील, आणि औषधांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

गाडी उभी करण्याची जागा टणक आणि सपाट ठेवा. फळीवर दर फुटावर लाकडी पट्टी ठोकलेली असावी, म्हणजे पाय घसरत नाही, आणि अंधारात भरती असेल तर फळीच्या दोन्ही टोकांना उजेड हवा. मोळी वीस-बावीस किलोचीच बांधा म्हणून सांगून बघा. खेपा वाढतील म्हणून कुरकुर होईल, पण निदान बायकांच्या मोळ्या लहान करायला बहुतेक टोळ्या तयार होतात. मोळी एकट्याने झटका देऊन डोक्यावर घेण्याऐवजी दोघांनी उचलून द्यावी. चुंबळ जाड आणि सपाट असावी, भार टाळूच्या मध्यावर यावा. डोक्यावर वजन असताना हाक मारणाऱ्याकडे मान वळवू नये, सगळं अंग वळवावं.

टोळीतल्या एखाद्या समजूतदार माणसाला गाठून तीन गोष्टी सांगा. पहाटेचा पहिला अर्धा तास आदल्या दिवसाचा तुटलेला ऊस सोलणं, मोळ्या बांधायला बंध वळणं, असं न वाकता उभ्याने होणारं काम करावं, बुडातली तोडणी त्यानंतर. दर वीस मिनिटांनी सरळ उभं राहून, हात कमरेवर ठेवून पाच-सहा वेळा मागे वाकावं. त्याला अर्धा मिनिट लागतो. आणि तोडणी थांबवून मोळ्या उचलायच्या आधी पाच मिनिटं इकडेतिकडे चालावं, पाणी प्यावं. कोयत्याला दर दोन तासांनी कानस मारावी. बोथट कोयत्याला एका घावाचे दोन घाव होतात आणि त्याचा हिशोब खांदा-मनगट चुकवतं.

खाण्याचंही बघा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३,४७० आणि स्त्रीला २,७२० कॅलरी लागतात. ज्वारीची एक भाकरी सव्वादोनशे-अडीचशेची धरली आणि सोबत नुसता ठेचा असला, तर भाकरींवर ही गरज भागत नाही. शेंगदाणे आणि गूळ खिशात ठेवून कामात खाता येतात. उसाच्या फडात खिशात गूळ बाळगायचा सल्ला विचित्र वाटेल, पण नुसता ऊस चावून प्रथिनं मिळत नाहीत, शेंगदाण्याने मिळतात.

गोळ्यांबद्दल मात्र कडक बोला. फडावर डायक्लोफेनॅकच्या गोळ्या चॉकलेटसारख्या चालतात, तेही उपाशीपोटी आणि पाणी कमी प्यालेलं असताना. त्याने जठरात व्रण पडतात आणि कोरड्या पडलेल्या मूत्रपिंडांना दुहेरी मार बसतो. दुखलं तर आधी ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल, दोन डोसांत सहा तासांचं अंतर ठेवून. दारू रोजची असेल, तर तीही डॉक्टरांना विचारून. तीन दिवसांत उतार नाही पडला तर गोळी वाढवायची नाही, तपासायला जायचं.

आणि काही लक्षणं अशी आहेत की तिथे तीन दिवसही थांबायचं नाही. चालताना पायातली चप्पल आपोआप निसटतेय, पाऊल वर उचललं जात नाही. बसायच्या जागी, जांघांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आलाय. लघवी अडली किंवा कळत नाही. कमरेच्या दुखण्यासोबत यातलं काहीही असेल, तर चकतीचा तुकडा नसा दाबतोय असं समजून त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्यायला हवं. काही तासांचा उशीरही कायमचा महागात पडू शकतो. टोळीकडे त्या वेळी गाडी नसते, मुकादम फोन उचलेलच असं नाही, आणि खाड्याच्या भीतीने माणूस स्वतः बोलणार नाही. तुमच्या रानात ते घडलं, तर गाडी तुमचीच लागेल. त्यामुळे तुमचा फोन नंबर टोळीतल्या दोघी-तिघींकडे आजच देऊन ठेवा.